साठ दिवस, साठ मिली

माझ्या सासूबाई बाळंतपणासाठी अजमानला आल्या त्या व्हिजिट व्हिसावर. बॅगेत हळीव, डिंक, खारकांची पूड, बाळगुटीची पुडी, सहाण आणि जुन्या सुती साडीच्या घडीत गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं. बोंडलं म्हणजे तळहातावर मावेल एवढी वाटी, पुढे चिमणीच्या चोचीसारखी निमुळती झालेली. चोच बाळाच्या खालच्या ओठाला टेकवायची, वाटी किंचित कलती करायची आणि थांबायचं. बाळ जिभेने दूध घेतं, गिळतं, मग पुन्हा कलती करायची. याच बोंडल्याने माझा नवरा दूध प्यायला होता.

माझ्या ओट्यावर ओळीने मांडलेल्या बाटल्या बघून त्या म्हणाल्या, "एवढ्या कशाला आणल्यास गं? हे आहे की."

त्यांचं काही चुकत नव्हतं. तान्ह्याला अंगावर घेता येत नसेल तेव्हा वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं असंच आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. कारण साधं आहे. बोंडलं एका नजरेत स्वच्छ दिसतं. बाटलीच्या निपलात, कडेच्या आट्यांत दुधाचा साका धरतो आणि त्यातून जुलाब होतात. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटलीची जाहिरात करायलाच बंदी आहे. साबणाची होते, सोन्याची होते, बाटलीची होत नाही.

पण बोंडल्याला माणूस लागतं, निवांत बसलेलं. आणि आमच्या घरातलं निवांत माणूस व्हिसावर होतं.

अमिरातीतल्या खासगी नोकऱ्यांना लागू असलेला सध्याचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ ला अंमलात आला. त्यात बाळंतपणाची रजा ६० दिवसांची: पहिले ४५ पूर्ण पगारी, पुढचे १५ अर्ध्या पगाराचे. बाळंतपणामुळे आई आजारी पडली तर आणखी ४५ दिवस मिळतात, बिनपगारी. पुण्यातल्या माझ्या जावेला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे मिळाले होते. तिचं बाळ उष्टावणाला टेकलं तेव्हा ती कामावर गेली. माझं मान धरायच्या आधीच मला जायचं होतं. सासूबाईंचा व्हिसाही ६० दिवसांचाच, आणि त्या बाळंतपणाच्या आठवडाभर आधी आलेल्या. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर मी दोन्ही तारखांना गोल केले होते. एक निळा, एक लाल, मध्ये सात घरं.

म्हणून या प्रकरणातला पहिला प्रश्न बाटली कोणती घ्यावी हा नाही. बाटली कधी द्यावी, हा आहे.

फार लवकर दिली तर एक घोटाळा होतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत आईचं दूध किती तयार व्हायचं हे बाळाच्या ओढण्यावर ठरत असतं. बाळ जितकं रिकामं करील तितकं शरीर भरतं. त्या काळात दोन वेळा बाटली गेली आणि त्या वेळी आईने दूध काढलं नाही, तर शरीर समजतं, एवढी गरज नाही. शिवाय बाळही अजून अंगावर नीट धरायला शिकत असतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर मॅरिॲन नीफर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोंधळावर लेख लिहिला, तेव्हापासून 'निपल कन्फ्युजन' हे नाव दवाखान्यातून घराघरांत गेलं. माझ्या मते नाव जरा फसवं आहे. बाळाचा गोंधळ उडत नाही. कुठे कमी कष्टात जास्त मिळतं ते त्याला फार चांगलं कळतं.

आणि फार उशीर केला तर? जन्मल्यावर बाळ तोंडात येईल ते चोखतं, ती त्याची प्रतिक्षिप्त क्रिया असते. दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान ती ओसरते आणि चोखायचं की नाही हे बाळ स्वतः ठरवू लागतं. त्या वयात पहिल्यांदा बाटली दिसली की पुष्कळ बाळं तोंड फिरवतात. त्यामुळे ज्या आईला साठाव्या दिवशी कामावर जायचं आहे, तिच्यासाठी खिडकी चौथ्या ते सहाव्या आठवड्याची. अंगावरचं पाजणं सुरळीत झालेलं, वजन वाढतंय, दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होताहेत, की रोज एकदा बाटली. दिवसाआड नको. शिकलेलं बाळही आठवड्याभरात विसरतं.

आम्ही एकतिसाव्या दिवशी सुरुवात केली आणि सपशेल आपटलो.

संध्याकाळची वेळ. लेक भुकेने लालबुंद. मी सोफ्यावर तिला नेहमीसारखी आडवी मांडीवर घेतली आणि बाटली तोंडात दिली. तिने एक घोट घेतला, ठसका लागला, दूध ओठांच्या कोपऱ्यातून मानेच्या वळीत गेलं आणि मग जी रडायला लागली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असणार. एका प्रयत्नात मी चार चुका केल्या होत्या: ती उपाशी होती, पाजणारी मी होते, ती आडवी होती आणि बाटली उभी होती.

चुका समजायला आधी अंगावर पिताना काय होतं ते बघू. बाळ छातीला लागल्याबरोबर दूध येत नाही. सुरुवातीला ते भराभर, सेकंदाला साधारण दोन वेळा, नुसतं चोखतं. त्या चोखण्याने आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात आणि दूध पुढे लोटलं जातं. आपण याला पान्हा फुटणं म्हणतो. याला मिनिटभर लागतो. दूध यायला लागलं की बाळाची लय बदलते: सेकंदाला एक ओढ, एक घोट, श्वास. ते ओढणं म्हणजे नेमकं काय, यावर बराच काळ वाद होता. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे डॉना गेडिस आणि सहकाऱ्यांनी पिणाऱ्या बाळांची सोनोग्राफी केली. २००८ साली त्यांनी दाखवलं की जीभ खाली जाते, तोंडात पोकळी तयार होते आणि त्या ओढीने दूध येतं. म्हणजे नळ बाळाच्या हातात. ओढलं तर येतं, थांबलं तर थांबतं.

उलटी धरलेली बाटली थांबत नाही. तिथे गुरुत्वाकर्षण काम करतं. तोंडात दूध पडतच राहतं आणि बाळापुढे दोनच पर्याय उरतात, गिळा किंवा गुदमरा. लोक बघतात आणि म्हणतात, बघा किती भुकेलं होतं, पाच मिनिटांत शंभर मिली संपवलं! ते भुकेलं होतं की बुडत होतं, हे कपाळावरची आठी आणि ताठ पसरलेली बोटं सांगतात. एरवी पिताना बाळाची मूठ हळूहळू सैल होते.

मग करायचं काय? बाटलीने अंगावरच्या पाजण्याची चाल पकडायची. अमेरिकेतल्या स्तनपान सल्लागार डी कॅसिंग यांनी २००२ मध्ये हे लिहून काढलं आणि आता जगभर हेच शिकवतात. आमच्या घरी ते असं झालं.

पाजणार सासूबाई. मी घरातच नाही. आतल्या खोलीत दार लावून बसले तर लेकीला वास कळतो, म्हणून मला चक्क खाली पाठवलं. नुऐमियाच्या गल्लीतल्या कॅफेटेरियात एक दिरहमचा करक चहा घेऊन मी वीस मिनिटं मोबाइल बघत बसायची आणि एकही अक्षर वाचायची नाही. वेळ सकाळची, आंघोळ-मालीश झाल्यावर, लेक जागी आणि खुशीत. भूक लागत आलेली पण अजून भडकलेली नाही. सासूबाई तिला जवळजवळ उभी मांडीवर बसवायच्या, एक हात मानेमागे. निपल कोमट पाण्यातून काढलेलं, टोकाला दुधाचा थेंब. ते तोंडात कोंबायचं नाही. वरच्या ओठावरून हलकेच फिरवायचं आणि वाट बघायची. तोंड मोठं उघडलं की तिचं तिला आत घेऊ द्यायचं. मग बाटली आडवी, जमिनीला समांतर, निपलात दूध राहील एवढीच कलती. पाच-सहा घोट झाले की बाटली खाली करायची, निपल तोंडातच, दूध बंद. ती पुन्हा ओढायला लागली की पुन्हा वर. अर्धं झालं की ढेकर आणि दुसऱ्या हातावर, जशी आपण बाजू बदलतो तशी. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. तिने तोंड बाजूला केलं की संपलं, बाटलीत कितीही असो.

सासूबाईंना हे दोनदा सांगावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच मला म्हणाल्या, "हे बोंडल्यासारखंच की. कलतं करायचं न् थांबायचं." महागडी पुस्तकं वाचून मी जिथे पोहोचले होते, तिथे त्या चाळीस वर्षांपूर्वीच बसल्या होत्या.

पहिल्या दिवशी दहा मिली गेलं. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी वीस. सातव्या दिवशी पंचेचाळीस. शून्याच्या दिवशी सासूबाईंनी बाटली ठेवून दिली, तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारल्या आणि मला फोन केला, ये वर. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. एका वेळेला नको म्हटलेलं बाळ उपाशी ठेवून वळवायचं नसतं. उपासमारीने शिकतं हा समज इतक्या लहान वयात धोक्याचा आहे. लंगोट कमी ओले व्हायला लागले, बाळ मरगळलं, तर प्रयोग थांबवून डॉक्टर गाठायचा.

निपलाबद्दल एवढंच सांगते: सगळ्यात हळू प्रवाहाचं घ्या आणि पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. एका कंपनीचं 'स्लो' दुसरीच्या 'मीडियम'पेक्षा जास्त वाहू शकतं. दोन तऱ्हा आणा, तिसरी-चौथी आणत बसू नका. आमच्या कपाटात अशा पाच पडल्या आहेत.

आता साठ मिलीचा हिशोब. माझी काळजी अशी की दिवसभर मी नसताना किती लागेल? पावडरच्या डब्यावरचे आकडे बघून मी घाबरले होते. ते आकडे वयाबरोबर वाढत जातात. आईच्या दुधाचं तसं नाही. पर्थमध्येच जॅकलिन केंट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांचं दूध चोवीस तास मोजलं. सरासरी निघाली दिवसाला सुमारे ७८८ ग्रॅम, साधारण ११ वेळा पाजणं, दर खेपेला ७६ च्या आसपास. महिन्याचं बाळ आणि पाच महिन्यांचं बाळ यांत फारसा फरक नाही. बाळागणिक मात्र पुष्कळ फरक. ७८८ भागिले २४, म्हणजे तासाला ३३. मी सकाळी सातला निघणार आणि साडेपाचला परतणार, साडेदहा तास. साडेतीनशे मिलीच्या आतबाहेर. साठ-साठच्या पाच-सहा बाटल्या. मोठ्या बाटल्या नकोत, कारण बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. पंपावर वीस मिनिटं बसून काढलेलं दूध सिंकमध्ये ओतताना काय वाटतं ते ज्याने ओतलं त्यालाच ठाऊक. म्हणून मी साठच्या पिशव्यांबरोबर तीसच्याही भरत असे. पुरवणी.

साडेपाच हा आकडा कायद्याने दिला. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईला दिवसाकाठी एक किंवा दोन सुट्ट्या मिळतात, एकूण एक तास, पगार न कापता. १९८० चा जुना कायदा रजा ४५ दिवसांचीच द्यायचा, पण पाजण्याची सवलत मात्र दीड वर्ष चालायची. मी तो तास दिवसाच्या शेवटी घेतला. अजमान हे सात अमिरातींतलं सगळ्यात छोटं, जेमतेम २६० चौरस किलोमीटरचं. इथे घरभाडं कमी, म्हणून आमच्यासारखे हजारो लोक राहतात इथे आणि कमावतात दुबईत. मध्ये शारजा. संध्याकाळी शेख मोहम्मद बिन झायद रोडवर लाल दिव्यांची रांग लागते, तेव्हा चार वाजता निघणं आणि पाच वाजता निघणं यात घरी पोहोचायला तासाचा नव्हे, दीड-दोन तासांचा फरक पडतो.

त्या रांगेत मला नेहमी हिरकणी आठवायची. रायगडावर कोजागिरीला दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून अंधारात कडा उतरून तान्ह्याकडे गेली, अशी आख्यायिका. आपल्या एस.टी. स्टँडांवर बाळाला पाजायच्या खोलीला 'हिरकणी कक्ष' म्हणतात ते तिच्यावरूनच. लहानपणी मला त्यात धाडस दिसायचं. आता वाटतं, तिला आतून दुखत असणार. दूध भरलेली छाती दगडासारखी होते. कडा नसता तरी ती उतरलीच असती. ऑफिसात दर तीन तासांनी दूध काढायचं ते पुरवठ्यासाठी तर आहेच, पण त्या दगडासाठीही. मी फायलींच्या खोलीत दार लावून बसायची. तिथे खिडकी नव्हती, प्लग मात्र होता.

उन्हाळ्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण पुस्तकातले नियम थंड देशांत लिहिलेले असतात. काढलेलं दूध बाहेर चार तास चालतं, ही अट २५ अंशांपर्यंतची. अजमानात जूनच्या दुपारी बाहेर पंचेचाळीस आणि उन्हात लावलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे 'बाहेर' असं काही नाहीच. काढलं की लगेच ऑफिसच्या फ्रीजमध्ये. निघताना बर्फाच्या गोठवलेल्या पाकिटांसह जाड पिशवीत. अशा पिशवीत चोवीस तास टिकतं, पण पिशवी डिकीत नव्हे, पायाशी, एसीच्या झोतात. घरी फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. वितळलेलं चोवीस तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. बाटली बाहेरून कोमट लागते आणि मध्ये चटका देणारं दूध असतं.

आणखी एक आखाती गंमत. उन्हाळ्यात इथल्या गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की थंड नळाला कढत पाणी येतं. जुने रहिवासी गीझर बंद ठेवतात आणि त्यात रात्रभर निवलेलं पाणी गरम नळातून घेतात. नवी आलेली मी गोठलेली पिशवी 'थंड' पाण्याखाली धरून वितळवायला गेले आणि बोट भाजून घेतलं. पिशवी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवावी, सकाळी वाडग्यातल्या कोमट पाण्यात. पावडरचं दूध द्यायची वेळ आली तर मात्र उकळलेलंच पाणी, आणि ते ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत पावडर घालायची. पावडर निर्जंतुक नसते. त्या उष्णतेनेच तिच्यातले जंतू मरतात. वीस लिटरच्या बाटलीतलं विकतचं पाणीही याला अपवाद नाही.

पंचेचाळिसाव्या दिवसानंतर नवंच संकट. ताजं काढलेलं ती पिऊ लागली होती, फ्रीझरमधलं थुंकू लागली. सासूबाई म्हणाल्या, नासलंय. मी चाखून बघितलं. साबण चाटल्यासारखं! काही आयांच्या दुधात चरबी फोडणारं लायपेज जरा जास्त कामसू असतं. साठवणीत ते काम करत राहतं आणि वास येतो. दूध खराब नसतं, पण हे बाळाला कोण सांगणार? उपाय एकच: काढल्याबरोबर पातेल्यात कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही, लगेच गार करून मग गोठवायचं. गोठवलेल्या चोवीस पिशव्या वाया गेल्या. साठा करण्याआधी एक पिशवी आठवडाभर ठेवून चाखून बघा.

शेजारच्या सुदानी बाईला मी हे रडगाणं सांगितलं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ पासून आयांच्या दुधाची बँक आहे, आशियातली पहिली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, हेही सांगितलं. तिने मान हलवली. इस्लाममध्ये एकीचं दूध प्यायलेली मुलं दूधभावंडं होतात, त्यांचं आपसांत लग्न होत नाही. मग कुणाचं दूध कुणी प्यायलं हे माहीत नसून कसं चालेल? मी तिला कापूरहोळच्या धाराऊची गोष्ट सांगितली. १६५७ साली जन्मलेल्या संभाजीराजांना तिने दूध पाजलं आणि तिची मुलं राजांचे दूधभाऊ झाली. "बघ," ती म्हणाली, "तुमच्याकडेही हिशोब ठेवतातच."

सासूबाईंचा व्हिसा आम्ही महिनाभर वाढवून घेतला, त्यामुळे लाल गोल पुढे सरकला. कामाच्या पहिल्या आठवड्यात लेकीने दिवसभरात जेमतेम दोनशे मिली घेतलं आणि रात्री दर दोन तासांनी उठून माझ्याकडून वसूल केलं. पुष्कळ बाळं असं करतात, दिवसाचं रात्रीवर टाकतात. वजन वाढत असेल तर ते चालवून घ्यायचं. आईची झोप तेवढी जाते. आमचं तीन आठवड्यांनी आपोआप सुटलं.

सासूबाई गेल्यावर लेक पाळणाघरात जाऊ लागली. पहिल्या दिवशी बाटल्यांच्या पिशवीत मी बोंडलंही टाकलं होतं, का ते मलाही सांगता येत नव्हतं. तिथली सांभाळणारी बाई तिरुनेलवेलीची. तिने पिशवी उलगडली, बोंडलं उचललं, उजेडात फिरवलं आणि एकदम हसली. "पालाडै!" मग लेकीला मांडीवर जवळजवळ उभी बसवून तिने एक हात मानेमागे घातला, आणि मी सांगायला तोंड उघडायच्या आत बाटली आडवी धरली.